हाडवैद्याची शाळा आणि आपल्या पाट्या

नाशिकमध्ये गेल्या तीस-चाळीस वर्षांत ज्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांतल्या कुठल्याही रस्त्याने संध्याकाळी सहज एक फेरी मारावी. किराणा, झेरॉक्स, पोळी-भाजी केंद्र, मोबाइलचे दुकान आणि मध्येच एक दवाखाना. थोडे पुढे गेले की आणखी एक. पाटीवर डॉक्टरांचे नाव ठळक, पदवी मात्र बारीक अक्षरांत. कुणाची एम.बी.बी.एस., कुणाची बी.ए.एम.एस., कुणाची बी.एच.एम.एस. बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसांपैकी किती जणांनी ती बारीक ओळ वाचलेली असते? कडेवर तापाने फणफणलेले मूल घेऊन आलेल्या बाईला अक्षरांशी काही घेणेदेणे नसते. तिला डॉक्टर हवा असतो. आणि आत गेल्यावर पुष्कळदा तिन्ही पाट्यांमागे एकच दृश्य दिसते: छातीला स्टेथॉस्कोप, दंडात एक इंजेक्शन आणि पुडीत बांधलेल्या तीन दिवसांच्या गोळ्या.

पाटी तीन तऱ्हेची आणि औषध एकाच तऱ्हेचे, हे असे का झाले? या प्रश्नाकडे मी एका अगदी वेगळ्या वाटेने आलो. आमच्या एका मित्राची नात अमेरिकेत डॉक्टरकीला लागली. पेढे घेऊन आलेल्या मित्राचा चेहरा मात्र पेढ्यांइतका गोड नव्हता. "अरे, एम.डी. नव्हे, डी.ओ. होणार म्हणते. हे डी.ओ. काय प्रकरण आहे?" आता डी.ओ. म्हणजे आम्हां बँकवाल्यांच्या लेखी वरिष्ठांनी खरडपट्टी काढण्यासाठी पाठवलेले अर्धशासकीय पत्र. विमा कंपनीत डी.ओ. म्हणजे विकास अधिकारी. ही तिसरी डी.ओ. म्हणजे डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन. कुणीतरी मित्राला सांगितले होते, की ऑस्टिओपॅथी म्हणजे हाडवैद्यकी. "एवढे डॉलर खर्चून पोरगी हाडवैद्य होणार काय?" असा त्याचा सवाल होता.

तो सवाल अगदीच चुकीचा नव्हता. या विद्येचा जनक अँड्र्यू टेलर स्टिल स्वतःची जाहिरात एकेकाळी हाडे बसवणारा म्हणूनच करीत असे. त्याची आणि त्याच्या शाळेची गोष्ट मी मिळेल तिथून वाचली आणि वाचता वाचता मला सारखे आपले नाशिक, पुणे आणि वरळी आठवू लागले. म्हणून ती गोष्ट आधी थोडक्यात सांगतो.

स्टिलचा जन्म १८२८चा, व्हर्जिनियातला. वडील धर्मोपदेशक आणि वैद्यही. मुलगा त्यांच्याच हाताखाली औषधोपचार शिकला. त्या काळची अमेरिकन डॉक्टरकी म्हणजे पारा, अफू, दारू आणि रक्त काढणे. १८६४ साली मेंदूच्या आवरणाला सूज येण्याच्या साथीत स्टिलच्या घरातली तीन मुले गेली. डॉक्टर आले, औषधे दिली, काही उपयोग झाला नाही. त्या दुःखातून तो औषधांवरच उलटला. शरीर हे यंत्र आहे, हाडे, सांधे आणि स्नायू जागच्या जागी असले आणि रक्ताचा प्रवाह मोकळा असला, की शरीर आपले आपण बरे होते, अशी त्याची धारणा झाली. १८७४ साली त्याने हा विचार जाहीर केला. ज्या विद्यापीठाच्या उभारणीला त्याच्या घराण्याने हातभार लावला होता, त्याच विद्यापीठाने त्याला व्याख्यान द्यायला जागा नाकारली. शेवटी मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल नावाच्या आडगावात त्याचा जम बसला आणि १८९२ साली तिथे त्याने दोन खोल्यांत शाळा काढली. पहिल्या तुकडीत वीसेक विद्यार्थी होते आणि त्यांत स्त्रियाही होत्या, हे विशेष. एडिंबरोत शिकलेला एक डॉक्टर शरीररचनाशास्त्र शिकवायला मिळाला. राज्याच्या सनदेप्रमाणे स्टिलला एम.डी. ही पदवी देता आली असती, पण त्याने हट्टाने आपली वेगळी पदवी ठेवली. विसावे शतक उजाडेपर्यंत कर्क्सव्हिलला आगगाड्या भरभरून रोगी येऊ लागले. सिंहस्थात पंचवटीतल्या घराघरांत जसे यात्रेकरू उतरतात, तसे तिथल्या घराघरांत रोगी उतरू लागले.

डॉक्टरांच्या संघटनांनी अर्थातच विरोध केला. तरी १८९६ साली व्हरमाँट राज्याने या मंडळींना परवाना दिला. १९०१ साली न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळाच्या समितीपुढे त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला साक्षात मार्क ट्वेन उभा राहिला. पण खरी कसोटी लागली ती १९१० साली. त्या वर्षी अब्राहम फ्लेक्सनर या शिक्षणतज्ज्ञाने अमेरिका आणि कॅनडातल्या सगळ्या वैद्यकीय शाळा पाहून अहवाल लिहिला. कुठे प्रयोगशाळा नाही, कुठे रुग्णालय नाही, कुठे फी भरली की प्रवेश, असे सगळे त्याने नावानिशी मांडले. ऑस्टिओपॅथीच्या आठ शाळा त्याला दिसल्या आणि त्या आठहीजणींना त्याने झोडपून काढले. होमिओपॅथीच्या पंधरा शाळा होत्या, त्यांचीही गत फारशी निराळी नव्हती.

पुढच्या चाळीसेक वर्षांत होमिओपॅथीच्या त्या शाळा एक तर बंद पडल्या किंवा साध्या वैद्यकीय शाळा होऊन गेल्या. ऑस्टिओपॅथी मात्र टिकली. कशी टिकली, हे पाहण्यासारखे आहे. तिने आपला अभ्यासक्रम वाढवून चार वर्षांचा केला, प्रवेशाच्या अटी कडक केल्या आणि औषधांना शिव्या देऊन ज्या शाळेचा जन्म झाला, तिथे १९२९च्या सुमारास औषधशास्त्र रीतसर शिकवायला सुरुवात झाली. एम.डी. डॉक्टरांच्या रुग्णालयांत त्यांना प्रवेश नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःची रुग्णालये बांधली. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने त्यांना डॉक्टर म्हणून घेतले नाही. तेव्हा एम.डी. मंडळी आघाडीवर गेली आणि मागे राहिलेल्या गावांना यांनी सांभाळले. १९६२ साली कॅलिफोर्नियात तर एक गंमतच झाली. सुमारे दोन हजार डी.ओ. डॉक्टरांना पासष्ट डॉलर भरून एम.डी. करून घेण्यात आले आणि नव्या डी.ओ.ना परवाना देणे बंद झाले. विरोधकांना वाटले, खेळ संपला. पण ज्यांना काल बोगस म्हणत होतो, ते पासष्ट डॉलरांत आज लायक कसे झाले, हा प्रश्न त्यातूनच उभा राहिला. चार वर्षांनी, १९६६ साली, लष्कराने दार उघडले. १९६९ साली मिशिगनमध्ये सरकारी मदतीचे पहिले ऑस्टिओपॅथिक महाविद्यालय निघाले. १९७४ साली कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने परवान्याची बंदीही उठवली. २०२० पासून एम.डी. आणि डी.ओ. यांच्या पदवीनंतरच्या रुग्णालयीन प्रशिक्षणाची मान्यतेची व्यवस्था एकच झाली आहे. आज अमेरिकेत वैद्यकाचे शिक्षण घेणाऱ्यांपैकी पावहिश्श्याहून अधिक विद्यार्थी डी.ओ.च्या महाविद्यालयांत आहेत.

कर्क्सव्हिलच्या त्या दोन खोल्यांचे आता ए. टी. स्टिल विद्यापीठ झाले आहे. ॲरिझोनात त्याचे दुसरे आवार आहे. दंतवैद्यक, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, श्रवणशास्त्र असे अभ्यासक्रम तिथे चालतात. डी.ओ.चा मूळ अभ्यासक्रम म्हणजे आधी साधी पदवी, मग प्रवेशपरीक्षा, मग चार वर्षे वैद्यक, मग तीन ते सात वर्षे रुग्णालयातली उमेदवारी. या सगळ्याच्या जोडीला हाताने तपासण्याचे आणि हाताने उपचार करण्याचे सुमारे दोनशे तासांचे शिक्षण, ही त्यांची म्हणून खास गोष्ट. तेव्हा मित्राला मी सांगितले, "पोरगी हाडवैद्य होणार नाही. पूर्ण डॉक्टर होणार आहे आणि वर हाडवैद्याची थोडी विद्या तिच्या हाती असणार आहे. निश्चिंतपणे पेढे वाट."

हीच ऑस्टिओपॅथी इंग्लंडात गेली, तेव्हा तिने अगदी उलटी वाट धरली. स्टिलच्या एका विद्यार्थ्याने १९१७ साली लंडनला शाळा काढली. तिथल्या ऑस्टिओपॅथने औषधे लिहिण्याचा हट्टच धरला नाही. पाठ, मान, सांधे एवढेच आपले क्षेत्र, असे त्याने मानले. १९९३ साली ब्रिटिश संसदेने त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा केला, स्वतंत्र नोंदवही ठेवली. तिथे ऑस्टिओपॅथ हा वैद्यकीय डॉक्टर नव्हे आणि तो स्वतःला तसे म्हणवीतही नाही. रोग्यालाही ठाऊक असते, की आपण कुणाकडे आलो आहोत. एकाच बीजाची ही दोन पिके. एकाने सगळे शिकून सगळे करण्याचा हक्क मिळवला, दुसऱ्याने आपल्या कुंपणात राहून मान मिळवला. दोन्ही वाटा प्रामाणिक आहेत.

आता आपल्या गावाकडे येऊ. कर्क्सव्हिलची शाळा निघाल्यावर पंधरा वर्षांनी, १९०७ साली, याच नाशिक क्षेत्री शंकर दाजीशास्त्री पदे यांनी देशभरच्या वैद्यांना एकत्र आणले. अखिल भारतीय आयुर्वेद महासंमेलनाची ती सुरुवात. पदेशास्त्री म्हणजे 'आर्यभिषक्' या जाडजूड ग्रंथाचे कर्ते. जुन्या मराठी घरांत पंचांगाशेजारी हा ग्रंथ असे. त्यांचे म्हणणे सरळ होते. घराण्यातून चालत आलेली विद्या आता पुरणार नाही. शाळा हवी, अभ्यासक्रम हवा, परीक्षा हवी, नाहीतर सरकार दरबारी आपल्याला कुणी विचारणार नाही. पुढे दोनच वर्षांत पदेशास्त्री गेले, पण संमेलनाच्या छत्राखाली आयुर्वेद विद्यापीठ निघाले आणि परीक्षा सुरू झाल्या. १९३३ साली पुण्यात टिळक आयुर्वेद महाविद्यालय उभे राहिले, १९४१ साली वरळीला पोदार महाविद्यालय आले. १९३८ साली मुंबई इलाख्याने कायदा करून वैद्य-हकिमांची सरकारी नोंदवही ठेवण्याची व्यवस्था केली. नाशिकच्या गणेशवाडीतले आयुर्वेद महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय हाही याच प्रवाहाचा भाग.

म्हणजे पाया चांगला होता. घोटाळा पुढे झाला. आयुर्वेद शिकवायचा तो निर्भेळ की आधुनिक वैद्यकाशी मिसळून, हा वाद स्वातंत्र्याच्या आधीपासून धुमसत होता. मिश्र अभ्यासक्रमवाले म्हणत, रोग्याला जे लागेल ते सगळे आले पाहिजे. शुद्धवाले म्हणत, मिसळ केली की आयुर्वेद चवीपुरताही उरणार नाही. पन्नासच्या दशकात मुंबई राज्याने शुद्ध आयुर्वेदाचा अभ्यासक्रम काढून पाहिला. विद्यार्थ्यांनाच तो नको होता, कारण बाहेर पडल्यावर गावात इंजेक्शन मागणारा रोगी उभा असे. वाद कधी सुटला नाही, तो फक्त मागे पडला. १९६१चा राज्याचा कायदा, १९७०चा केंद्राचा भारतीय वैद्यकाचा कायदा, १९७३चा होमिओपॅथीचा कायदा असे एकेक होत गेले. प्रत्येक पद्धतीची परिषद निराळी, नोंदवही निराळी. रोगी मात्र तोच.

१९९८ साली नाशिकच्या वाट्याला एक मोठी गोष्ट आली. महाराष्ट्रातली सगळी वैद्यकीय महाविद्यालये मुंबई, पुणे, नागपूर अशा निरनिराळ्या विद्यापीठांतून काढून एकाच आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली आणली गेली आणि त्याचे मुख्यालय दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला झाले. एम.बी.बी.एस., दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, परिचर्या, फिजिओथेरपी अशा सगळ्यांच्या परीक्षा आता एकाच इमारतीतून ठरतात. नाशिककरांना आपल्या विद्यापीठाचा अभिमान आहे, मलाही आहे. पण तिथून बाहेर पडणाऱ्या तीन मोठ्या पदव्यांचा हिशेब मांडून पाहा. एम.बी.बी.एस.ला साडेचार वर्षे आणि एक वर्ष उमेदवारी. बी.ए.एम.एस.ला तेवढीच. बी.एच.एम.एस.लाही तेवढीच. तिघांनाही प्रवेशासाठी 'नीट'च द्यावी लागते. तरुणपणाची साडेपाच वर्षे तिघांची सारखीच खर्च होतात. छप्पर एक, वर्षे सारखी, मग बाहेर पडल्यावर एकाच्या हातात पूर्ण अधिकार आणि दोघांच्या हातात अर्धा, हे कसे?

अर्धा म्हणजे किती अर्धा, हेही कुणी नीट सांगत नाही. १९९२ साली राज्य सरकारने अधिसूचना काढून आयुर्वेदाच्या पदवीधरांना त्यांच्या शिक्षणापुरती आधुनिक औषधे वापरण्याची मुभा दिली. १९९६ साली मुंबईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की होमिओपॅथीच्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधे दिली तर तो निष्काळजीपणाच होय. १९९८ साली त्याच न्यायालयाने म्हटले, की एखाद्या राज्याचा कायदा मुभा देत असेल, तर आयुर्वेदवाल्याला ती औषधे देता येतील. २०१४ साली आपल्या राज्याने कायदा बदलला आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केला तर त्यांना आधुनिक औषधे लिहिता येतील, असे ठरवले. तो अभ्यासक्रमही आपल्या म्हसरूळच्या विद्यापीठाचाच. २०२० साली केंद्राच्या आयुर्वेद परिषदेने आयुर्वेदाच्या पदव्युत्तर शल्यवैद्यांना ५८ शस्त्रक्रियांची यादी ठरवून दिली, त्यावर डॉक्टरांचा देशव्यापी बंद झाला. २०२५ साली एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेत करावी की नाही, यावरून पुन्हा संप झाला. एका पिढीत सरकारी अधिसूचना, दोन निवाडे, एक दुरुस्ती, एक यादी आणि दोन बंद. यात शिक्षण किती वेळा आले? फारसे नाहीच. आला तो अधिकार.

मी बँकेत अधिकारी होतो. जिल्ह्यातल्या तालुक्याच्या शाखांत काही वर्षे काढली. दवाखाना काढायला कर्ज मागणारे तरुण डॉक्टर येत. अर्जाला पदवीची झेरॉक्स आणि सामानाची कोटेशने जोडलेली असत. पदवी आयुर्वेदाची किंवा होमिओपॅथीची आणि कोटेशनमध्ये सलाईनचे स्टँड, नेब्युलायझर, ऑक्सिजनचा सिलिंडर, तपासणीचे टेबल. खलबत्त्याचे कोटेशन पाहिल्याचे मला आठवत नाही. एकाला मी गमतीने विचारले, तर तो हसून म्हणाला, "साहेब, काढे देत बसलो तर तुमचा हप्ता कुठून भरू?" त्याने हप्ते मात्र चोख भरले. आणि हेही सांगितले पाहिजे, की त्या गावात रात्री दोन वाजता कुणी कडी वाजवली तर दार उघडणारा डॉक्टर तोच होता. एम.बी.बी.एस. झालेले डॉक्टर त्या गावाकडे फिरकले नव्हते.

ही दुसरी बाजू विसरून चालणार नाही. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत बी.ए.एम.एस. वैद्यकीय अधिकारी काम करतात. २०१४ पासून धावणाऱ्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेत अपघातग्रस्ताशेजारी बसलेला डॉक्टर बहुधा आयुर्वेद नाहीतर होमिओपॅथीचा पदवीधर असतो. शहरातल्या अनेक खासगी रुग्णालयांत रात्रपाळीला जो निवासी डॉक्टर असतो, त्याची पदवी विचारून पाहा. मोठे डॉक्टर दिवसा संघटनेच्या सभेत याला 'मिक्सोपॅथी' म्हणून नावे ठेवतात आणि रात्री त्याच मुलाच्या भरवशावर आपला अतिदक्षता विभाग सोडून घरी झोपायला जातात. पगार एम.बी.बी.एस.पेक्षा कमी द्यावा लागतो, हे त्यामागचे साधे गणित. या दुटप्पीपणाबद्दल संपाच्या फलकावर मी कधी एक ओळ वाचली नाही.

म्हणून मला वाटते, की आपण अमेरिकेची वाट धरली नाही आणि इंग्लंडचीही नाही. आपण तिसरीच वाट काढली: शिकवायचे एक, करायला लावायचे दुसरे आणि त्याबद्दल बोलायचे तिसरे. यात पहिला बळी रोग्याचा. दुसरा त्या विद्यार्थ्याचा, ज्याला साडेपाच वर्षे वात-पित्त-कफ शिकवून आपण रात्रपाळीला हृदयविकाराच्या झटक्यापुढे उभे करतो. आणि तिसरा बळी आयुर्वेदाचा. ज्या विद्येचे पदवीधरच तिचा वापर करीत नाहीत, ती विद्या ग्रंथपूजेपुरतीच उरणार.

यावर काही जण म्हणतील, अमेरिकेतल्या ऑस्टिओपॅथीने तरी काय टिकवले? सगळे शिकले आणि आपले मूळ विसरले. यात तथ्य आहे. आजचे बहुतेक डी.ओ. डॉक्टर हाताचे उपचार क्वचितच करतात. स्टिलचे मोठमोठे दावे काळाच्या कसोटीला उतरले नाहीत. हाताच्या उपचारांचा पाठदुखीसारख्या दुखण्यात थोडाफार उपयोग होतो, इतकेच आज म्हणता येते. पण मला त्यात पराभव दिसत नाही. जे तपासून टिकले ते ठेवले, जे टिकले नाही ते सोडले. विद्या अशीच वाढते. आपल्याकडेही याचे उदाहरण आहे. भगंदरावरच्या क्षारसूत्राची रीतसर चाचणी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने केली आणि १९९१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बरे व्हायला वेळ अधिक लागतो, पण दुखणे पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेपेक्षा कमी, असे त्यात दिसले. तेव्हापासून क्षारसूत्राची कुणी टिंगल करीत नाही. जो मान शंभर भाषणांनी मिळाला नसता, तो एका चाचणीने मिळाला. होमिओपॅथीच्या बाबतीत हीच कसोटी कठोर ठरली आहे. २०१५ साली ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य संशोधन परिषदेने उपलब्ध पुरावे तपासून म्हटले, की कुठल्याही विकारावर ती परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. हे वाचून अनेकांना वाईट वाटेल. घराघरांत साबुदाण्यासारख्या गोळ्यांच्या बाटल्या आहेत, मला ठाऊक आहे. पण ज्या पदवीसाठी मुलाची साडेपाच वर्षे जातात, तिच्याविषयी तरी खरे बोलले पाहिजे.

मग करावे काय? मी वैद्य नाही, कादंबऱ्या लिहिणारा माणूस आहे. पण हिशेबाच्या वह्या तपासण्यात आयुष्य गेल्यामुळे मला चार सरळ गोष्टी सुचतात.

पहिली, एक वर्षाची पळवाट बंद करावी आणि तिच्या जागी पूर्ण वाट उघडावी. आयुर्वेदाच्या किंवा होमिओपॅथीच्या ज्या पदवीधराला आधुनिक वैद्यक करायचे आहे, त्याने आवश्यक ती दोन-तीन वर्षे खऱ्या रुग्णालयात काढावीत आणि एम.बी.बी.एस.च्या मुलांबरोबर तीच प्रश्नपत्रिका सोडवावी. परीक्षा घेणारे विद्यापीठ एकच आहे, उत्तरपत्रिकेवर फक्त क्रमांक असतो. जो उत्तीर्ण होईल त्याला पूर्ण अधिकार द्यावा आणि मग एम.बी.बी.एस.वाल्यांनी नाक मुरडू नये. दुसरी, ज्याला ही वाट नको, त्याला आपल्या पद्धतीच्या कुंपणात मानाने काम करता यावे. पण मग सलाईनचा स्टँड कुंपणाबाहेर. तिसरी, रात्रपाळीला जो डॉक्टर असेल त्याचे नाव, पदवी आणि त्याने काय करावे हे रुग्णालयाने लेखी ठरवावे आणि बिघाड झाला तर जबाबदारी मालकाने घ्यावी. चौथी, पाटीवर पदवीचे इंग्रजी आद्याक्षर नको. आयुर्वेद, होमिओपॅथी, आधुनिक वैद्यक असा शब्द मराठीत, नावाइतक्याच ठळक अक्षरांत असावा. बँकेत व्याजाचा दर बारीक अक्षरांत छापला तर ग्राहक जाब विचारतो. इथे तर जिवाचा व्यवहार आहे.

यात कुणाला धक्का बसत असेल तर तो खासगी महाविद्यालयांच्या चालकांना. कारण विद्यार्थी आयुर्वेदाच्या ओढीने येतो की मागल्या दाराने ॲलोपॅथी करता येईल या आशेने, हे त्यांना पक्के माहीत आहे. ते मागले दार बंद झाले आणि पुढल्या दारावर खरी परीक्षा बसली, तर किती महाविद्यालये भरतील? फ्लेक्सनरच्या अहवालानंतर अमेरिकेत कित्येक शाळांना टाळे लागले. जे उरले, त्यांची किंमत वाढली. कर्क्सव्हिलच्या लोकांनी त्या अहवालाविरुद्ध नुसते मोर्चे काढले असते, तर आज त्या शाळेचे नावही कुणाला ठाऊक नसते.

दर उन्हाळ्यात 'नीट'चा निकाल लागतो आणि घरोघरी मार्कांचा हिशेब सुरू होतो. एम.बी.बी.एस.ला थोडक्यासाठी हुकले, तर आयुर्वेद, तेही नाही तर होमिओपॅथी, अशी उतरंड मांडली जाते. आईबापांनो, मुलाला त्या उतरंडीवर ढकलण्याआधी त्याला समोर बसवून एवढेच विचारा: ही विद्या तुला शिकायची आहे का, की नावामागे 'डॉक्टर' लावायचे आहे? ज्याला आयुर्वेद मनापासून शिकायचा आहे, तो पदेशास्त्र्यांच्या गावात शिकून जगभर जाईल. ज्याला नुसती पाटी हवी आहे, त्याच्यासाठी साडेपाच वर्षे आणि लाखांतले शैक्षणिक कर्ज हा फार महाग सौदा आहे.

आणि बाकावर बसलेल्या आपण सगळ्यांनीही एक सवय लावून घ्यावी. डॉक्टरांनी चिठ्ठी हातात दिली, की नम्रपणे, आवाज न चढवता विचारावे, "डॉक्टर, हे औषध कोणत्या पद्धतीचे आणि तुम्ही ते कुठे शिकलात?" चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येणार नाही. तो खुर्चीत थोडा मागे टेकेल आणि उत्तर देईल.